टाकाऊ पावडरच्या दोन गोण्या

धर्मराजचा टेम्पो गणपतीत येऊन गेला, त्यानंतर फिरकलाच नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, डब्यातल्या चकल्यासुद्धा संपल्या, आणि दैवशालाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्या दिवशी ती वडीगोद्रीहून परतली तेव्हा उन्हं कलली होती. स्कुटीवर पायांशी एक पोतं उभं, मागं दुसरं आडवं बांधलेलं. दोन्हींत प्रिंटरचे रिकामे टोनर. कंपनीच्या खोक्यावर त्याला कार्ट्रिज म्हणत असतील, पण तीर्थपुरीच्या आसपास सगळे डबेच म्हणत, आणि दैवशालाला डबेवाली. ई-सेवा केंद्रं, पतसंस्था, शाळा, वकिलाचं ऑफिस, जिथं प्रिंटर आहे तिथं ती महिन्यातून एकदा जायची. भरलेला डबा द्यायची, रिकामा उचलायची. यंदा पीकविम्याचे आणि कसल्या कसल्या योजनांचे अर्ज छापून सगळ्यांचेच डबे कोरडे पडले होते.

सासरा पुंजाराम वट्ट्यावर बसून तळपायातला काटा सुईनं कोरत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "आणले का आजून?"

"थोडेच हायेत, मामा."

"थोड्याचा सवाल न्हाई. ठिवणार कुठं? परवापासून दुसरा वेचा सुरू व्हतो. कापूस काय तुव्ह्या त्या काळ्या घाणीवर टाकू?"

दैवशालानं पोतं सोडायला घेतलं. खोली मुळात कापसाचीच होती. तीन वर्षांपूर्वी तिनं मागितली आणि म्हाताऱ्यानं कुरकुर न करता दिली, हे ती विसरली नव्हती.

तेव्हा तिचा नवरा हरिओम जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलवर नुकताच लागला होता. आठवड्यातून एकदा यायचा. तिची पोरगी आकांक्षा शाळेतून खोकत घरी आली. शाळेच्या मागं शिपायानं कचरा पेटवला होता आणि कचऱ्यात प्रिंटरचे वीसेक डबे होते. दैवशाला भांडायला म्हणून गेली. वितळलेल्या प्लास्टिकचा लगदा, काळा चिकट धूर, आणि बाजूला अजून न पेटलेला एक डबा. तो तिनं उचलून हलवून पाहिला. अंग चांगलं शाबूत होतं. आतली पावडर संपली एवढ्यासाठी अख्खा डबा जाळत होते. पुढं जालन्यात महिलांसाठी शिकवणी निघाली, तिथं तिनं डबे भरायला शिकून घेतलं. तिथंच धर्मराज भेटला. तो जिल्ह्यातल्या भरणाऱ्यांकडून माल गोळा करायचा. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, "एक डबा तीन-चार बार भरतो, ताई. मंग त्याचा ड्रम, म्हंजे आतला अक्षर उमटवणारा रूळ, घासतो, तो झाला बाद. बाद झालेला मला द्यायचा. त्याचं प्लास्टिक दळून पुन्हा दुसरं काही बनतं. अन् आतली टाकाऊ पावडर, ती तर बिलकुल बाहेर टाकायची न्हाई. दोन पिशव्यांत बांधायची, टेप मारायची, मव्ह्या हवाली करायची."

डब्यात दोन कप्पे असतात. एकातली पावडर कागदावर उमटते. जी उमटत नाही ती ड्रमवरून खरवडली जाऊन दुसऱ्या कप्प्यात साचते. तिच्यात कागदाचा कोंडा मिसळलेला असतो. ती पुन्हा भरली तर ड्रमवर ओरखडे पडतात आणि अक्षर राखेसारखं येतं. म्हणून ती टाकाऊ. पिठाहून बारीक, फुंकर मारली तरी उडणारी. तिच्या आठ गोण्या आता खोलीत भिंतीला लावून उभ्या होत्या.

"धर्मराजला फोन केल्ता," दैवशाला म्हणाली. "टेम्पोचं इंजिन कामाला काढलंय म्हणे. पंधरा दिस लागतील."

"पंधरा दिस कापूस बोंडात थांबंल का?" पुंजाराम काटा नखावर घेऊन पाहत म्हणाला. "काय करायचं ते कर. मला जागा करून दे."

*

डबे उघडायला तिच्याकडं सत्यशीला यायची. पुंजारामच्या रानाला लागून भिवाचं एकरभर रान होतं, त्या भिवाची ती बायको. वयानं दैवशालापेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून दैवशाला तिला अक्का म्हणायची, आणि ती दैवशालाला वयनी. सकाळी आपलं रान, दुपारून डबे. पिना काढायच्या, कप्पा उघडायचा, टाकाऊ पावडर गोणीत झटकायची. दैवशाला पलीकडं बसून नवी पावडर भरायची आणि छापून बघायची. सत्यशीलाच्या नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, बोटांच्या पेरांवर काळ्या रेघा उमटलेल्या. दैवशालानं हातमोजे आणून दिले होते. ते फाटल्यावर नवे आणायचे राहून गेले होते.

वेचा सुरू व्हायच्या दिवशी सकाळी दैवशालानं सहा गोण्या कशाबशा माळ्यावर चढवल्या. दोन राहिल्या. त्या तिनं स्कुटीवर घेतल्या आणि रानात गेली. तिच्या आणि भिवाच्या बांधाच्या टोकाला मुरूम काढून काढून झालेला खड्डा होता. पुरुषभर खोल. पंधरा दिवस पडतील इथं, टेम्पो आला की घेऊन जाऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. दोन पिशव्या आणि टेप तिनं ह्या गोण्यांना लावली नव्हती. सुतळी होती फक्त.

पहिली गोणी घसरत खाली गेली. दुसरी दगडावर आपटली आणि फाटली. भस्सकन काळा ढग वर आला. दैवशालानं पदर नाकाला लावला आणि तो खाली बसेस्तोवर थांबली. खड्ड्याच्या तळाशी काळा ढीग उघडा पडला होता. त्यावर माती लोटायला पाहिजे होती. पण फावडं घरी होतं, आणि तिकडून पुंजारामची हाक आली, "जल्दी ये! दहिवर सुकायच्या आत कपाशीची दोन तासं वेचून व्हायला पाहिजेत!"

संध्याकाळी लोटू, असं म्हणून ती ओटी बांधून सासऱ्याच्या मागं गेली. संध्याकाळी पाठ इतकी धरली होती की वाकवेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, प्रिंटर बंद पडलाय म्हणून. तिसऱ्या दिवशी वारं सुटलं.

दोन दिवस आणि मधली रात्र उगवतीचं वारं वाहिलं. कपाशीच्या पऱ्हाट्या आडव्या होत होत्या. वारं थांबलं त्या सकाळी थंडी होती आणि पानापानावर दहिवर साचलं होतं. वेचता वेचता दैवशालानं बांधापलीकडं पाहिलं. भिवाचा कापूस तिच्या कापसासारखा दिसत नव्हता. तिचा पांढरा होता. बांधाच्या पलीकडचा, कुणी तव्याच्या काजळीचा हात फिरवावा तसा.

ती ओटी तशीच घेऊन खड्ड्याकडं गेली. फाटलेल्या गोणीतला ढीग अर्ध्यावर आला होता. खड्ड्याच्या मावळतीच्या कडेला, गवतावर, दगडावर, भिवाच्या कपाशीच्या पहिल्या ओळीपर्यंत काळी झाक गेली होती.

तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिनं हातांनी आणि पायांनी कडेचा मुरूम खाली लोटला, भराभर लोटला, काळं दिसेनासं होईपर्यंत. चार दिवसांपूर्वी जे करायला तिला सवड मिळाली नव्हती, ते पाव तासात झालं.

*

भिवाला कापूस काळवंडलेला दिसला नाही असं नाही. "वाऱ्यानं धूळ बसली," तो म्हणाला, आणि नवरा-बायकोनं वेचून घेतला. कापूस बोंडात ठेवून कुणाला परवडतं? बुधवारी तीर्थपुरीला जाणाऱ्या एकाच टेम्पोत पुंजारामची गाठोडी आणि भिवाची गाठोडी चढली. दैवशाला आणि सत्यशीला मागं गाठोड्यांवर बसल्या. वाटेत सत्यशीलानं तिला ओटीतले भाजलेले शेंगदाणे दिले. दैवशालानं घेतले. ते तिच्या मुठीतच राहिले.

कापूस घेणाऱ्या काकासाहेबाचा वजनकाटा बाजाराच्या तोंडाशी होता. पुंजारामचा कापूस मापून झाला. मग भिवाचं गाठोडं सोडलं गेलं. काकासाहेबानं कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढला, मूठ उघडली आणि मोठ्यानं हसला.

"हे काय आणलं रे भिवा? कापूस हाये का कोळसा?"

"धूळ हाये, मालक. वारं व्हतं दोन दिस."

"धूळ?" त्यानं चिमूट अंगठ्यावर चोळली. अंगठा काळा झाला. "धूळ झटकली की जाती. ह्ये जाऊन राह्यलं का? चुलीम्होरं ठिवला व्हता काय?"

"न्हाई, मालक. सरळ रानातून—"

सत्यशीला तेवढ्यात पुढं होऊन दुसरं गाठोडं सोडायला लागली होती. काकासाहेबाची नजर तिच्या बोटांवर गेली.

"थांब. हात दाव."

तिला कळलं नाही. त्यानं मनगट धरून तिचा हात वर उचलला आणि काट्यापाशी उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांना दाखवला, एखादा माल दाखवावा तसा. "बघा! नखं बघा! कशात हात घालती ही?"

कुणीतरी म्हणालं, "डबे खोलायला जाती की. दैवशालाबाईकडं."

"मंग! ह्या हातानं वेचल्यावर कापूस काय पांढरा ऱ्हातो? पांढऱ्याचं काळं करायला तुमाला कुणी शिकवावं लागत न्हाई." माणसं हसली. काकासाहेब दैवशालाकडं वळला. "काय वयनी? बराबर ना? तुमचीच पावडर हाये ना ही?"

सगळे तिच्याकडं पाहत होते. सत्यशीलाही पाहत होती, हात अजून काकासाहेबाच्या मुठीत. दैवशालाला वाटलं, आता आपण बोलणार. तिनं तोंड उघडलं.

"पावडर... हातावरून जल्दी निघत न्हाई," ती म्हणाली.

हे खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता.

काकासाहेबानं हात सोडला. सत्यशीलानं दोन्ही तळवे स्वतःसमोर धरले आणि ते उलटसुलट करून पाहिले. भिवाचा कापूस कवडीत, म्हणजे डागी मालात गेला. गादीवाल्याला घालायचा माल म्हणून वेगळ्या ढिगावर फेकला. परतताना भिवा पुढं ड्रायव्हरपाशी बसला. सत्यशीला मागं होती. तिनं हात पदराखाली घेतले होते, आणि तीर्थपुरीपासून वस्तीपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सत्यशीला डबे उघडायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दैवशाला तिच्या घरी गेली. अंगणात चुलीवर पातेलं होतं, पाण्याला वाफ आलेली. सत्यशीला पाटावर बसून विटकरीच्या तुकड्यानं बोटं घासत होती. पेरांवरची कातडी लाल होऊन सोलवटली होती. नखांतलं काळं तसंच.

दैवशालाला शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: पावडर अंगावर सांडली तर गार पाण्यानं धुवायची, गरम लागलं की ती धरून बसते. प्रिंटर तेच करतो, कागद तापवून अक्षर बसवतो.

"गरम पाणी नको घेऊ, अक्का."

"मंग कशानं जाईल? तू सांग." सत्यशीलाच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती. "रॉकेलानं घासलं, लिंबानं घासलं. वयनी, मी वेचताना हात धुऊनच जात व्हते गं. तरी कसं लागलं असंल?"

"जाईल हळूहळू."

"ह्यांनी चार दिस झाले मव्ह्या हातची भाकर खाल्ली न्हाई. सोताच थापून घेतेत. बोलत काहीच न्हाईत, नुसतं परातीपासून मला बाजूला सारतेत." ती थांबली. विटकर पाण्यात बुडवली. "मव्ह्या आजेसासऱ्याच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं म्हणून सांगतेत. आता मव्हाच नवरा मव्ह्या हातची भाकर खाईना. चूक मव्हीच हाये. वर्साचं पीक घालवलं मी."

दैवशाला तिथंच बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पातेलं चुलीवरून उतरवलं, गार पाण्याचा तांब्या सत्यशीलाजवळ सरकवला आणि "येते" म्हणून निघाली. घरी येऊन तिनं हरिओमला फोन लावला. मागं मिलचा खडखडाट. "काय गं? जल्दी बोल, पाळी चालूये." ती म्हणाली, "काही न्हाई. जेवलात का?"

शुक्रवारी धर्मराज आला. दुरुस्त झालेला टेम्पो दारात लावून त्यानं बाद डबे मोजून घेतले, मग माळ्यावरच्या गोण्या उतरवल्या.

"सहाच?" तो म्हणाला. "फोनवर आठ म्हणली व्हतीस ना?"

"मोजायला चुकले."

धर्मराजनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. "चुकत असतं. दुसरं कुणी असतं तर मला शक आला असता. अंबडकडं एक जण हाये, तो टाकाऊच पावडर पुन्हा डब्यात घालून देतो. एक जण तर सरळ ओढ्यात सोडतो, म्हशी प्याल्या काय अन् न प्याल्या काय. मी जालन्यात सगळ्यांना सांगतो, घनसावंगी तालुक्यात त्या बाईकडं बघा. चिमूटभर सांडू देत न्हाई." त्यानं शेवटची गोणी वर टाकली, चहा पिऊन गेला.

कप धुताना दैवशालाच्या हातातून निसटून फुटला. ती तुकडे गोळा करत तशीच मोरीत बसून राहिली. पुंजाराम पाणी प्यायला आत आला तेव्हा ती म्हणाली, "मामा, भिवाभाऊचा कापूस सत्यशीलाच्या हातानं काळा न्हाई झाला."

म्हाताऱ्यानं तांब्या तोंडापासून खाली घेतला.

"ठाव हाये मला," तो म्हणाला. "तुव्ह्या गाडीच्या चाकाची रेघ खड्ड्यापस्तोर गेल्ती. अन् मुरूम लोटलेला दिसत व्हता."

"मंग बोलले कामून न्हाई?"

"काय बोलणार? जागा कर म्हणून मीच मागं लागलो व्हतो." तो उंबऱ्यावर टेकला. "ऐक. उद्या आपला राहिलेला कापूस टेम्पोत जातो. त्यातलं मोठं गाठोडं भिवाला देऊ. शेजारधर्म म्हणून दिलं म्हणायचं. त्याची भरपाई व्हईल. पर ते दुसरं सांगायचं काम न्हाई. सांगून त्याचा कापूस पांढरा व्हणार का? तुव्हा धंदा मातर बसंल. कोण देईल तुला डबे?"

दैवशालाला हे इतकं सोपं दिसलं की तिला हायसं वाटलं. गाठोडं द्यायचं, आणि संपलं. तिनं मान हलवली. कपाचा शेवटचा तुकडा उचलला. मग तिला डोळ्यांपुढं सत्यशीला परातीपासून बाजूला सरताना दिसली. गाठोड्यानं ती परातीपाशी परत येणार नव्हती.

*

शनिवारी सकाळी पुंजाराम टेम्पोत कापूस घेऊन पुढं गेला. दैवशाला फावडं घेऊन रानात गेली. भिवा आणि सत्यशीला आपल्या तुकड्यात पऱ्हाटी उपटत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात बोलली. गोण्या, खड्डा, वारं, मुरूम. काट्यावर काय म्हणाली आणि काय म्हणाली नाही. मध्ये थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं.

भिवा उपटलेली पऱ्हाटी हातात धरून ऐकत होता. "दाव," एवढंच म्हणाला.

तिनं खड्ड्यात उतरून मुरूम बाजूला केला. काळं दिसायला लागलं. भिवा काठावर उकिडवा बसला. त्यानं खड्ड्याकडं पाहिलं, आपल्या रानाकडं पाहिलं, पण शेजारी उभ्या बायकोकडं त्याला पाहता येईना. तो उठला आणि खाली उतरायला पाय टाकू लागला.

"तुम्ही नका उतरू," सत्यशीला म्हणाली. "तिनं टाकलंय, ती भरंल."

दैवशालानं दोन नव्या गोण्या आणल्या होत्या. फावड्यानं पावडर उडत होती, म्हणून तिनं फावडं ठेवलं आणि ओंजळीनं भरायला लागली. मुरमात मिसळलेली, दगडाखाली गेलेली, गवताला धरलेली. घामावर ती चिकटत होती. नाकात गेली, दातांवर करकरली. ऊन वर आलं तेव्हा गोण्या बांधून झाल्या, दोन पिशव्यांत, वरून टेप मारून. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"अक्का," ती म्हणाली, "आमचं मोठं गाठोडं तुमचं हाये. आज काट्यावर गेलंय, तुमच्या नावावर करते."

"गाठोड्याचं मंग." सत्यशीलानं तिच्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं. "आठ-दहा दिस मी हाताची सालं काढून राह्यले. तू आल्तीस, पाटाजवळ उभी व्हतीस. पातेलं उतरवून गेलीस. तव्हा तुला बोलता येत नव्हतं का?"

दैवशालानं गोणीवरची टेप पुन्हा दाबली.

"मव्हा हात जितं वर धरून दाखवला, तितं चल. जे इथं सांगितलं ते तितं सांग. आत्ता."

"हात धुते."

"न्हाई. आसंच."

*

काट्यावर त्या दिवशी गर्दी होती. पुंजाराम गाठोड्यापाशी पाळी धरून बसला होता. सून समोरून तशा अवतारात येताना पाहून तो उठला. मागं भिवा आणि सत्यशीला. त्याला कळलं. "घरी बोलू, पोरी," तो हळू म्हणाला, पण ती त्याच्या शेजारून पुढं गेली.

"काकासाहेब, मागल्या हप्त्यात बुधवारी तुम्ही मला इचारलं व्हतं."

काकासाहेबानं वहीतून डोकं काढलं. "काय वयनी? हे काय झालं हातांना?"

तिनं सांगितलं. आवाज चिरकत होता, मध्येच बसत होता. एक जण मागून म्हणाला, "मोठ्यानं बोला!" तिनं पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं. "सत्यशीलाच्या हातानं काही झालं न्हाई. मी केलं. अन् तुम्ही इचारलं तव्हा मला ठाव व्हतं."

ई-सेवा केंद्राचा एक मालक तिथंच कापूस घेऊन आला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि नजर मोबाइलमध्ये घातली. त्याचे सहा डबे महिन्याला तिच्याकडं यायचे.

"बरं बरं," काकासाहेब म्हणाला. "चूक माणसाकडूनच व्हते. जाऊ द्या आता." सत्यशीलाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"आमचं हे गाठोडं भिवाभाऊच्या नावावर घ्या," दैवशाला म्हणाली. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. पुंजाराम खाली बघत गाठोड्यावरून हात फिरवत होता. मग त्यानंच गाठोडं काट्याकडं लोटलं.

"कुणाच्याबी नावावर घेतो, मला काय," काकासाहेब म्हणाला. "पर आता तुमचा माल उघडूनच बघावा लागंल, वयनी. इश्वास कशावर ठिवायचा?" त्यानं हमालाला खूण केली. हमालानं गाठ सोडली आणि गाठोडं ताडपत्रीवर पालथं केलं, पायानं पसरलं. सगळा कापूस आठ-दहा हात पसरला. पांढरा होता. खाली, वर, मध्ये, सगळीकडं.

"ठीक हाये. भरा परत," काकासाहेब म्हणाला आणि वहीकडं वळला. हमाल दुसऱ्या गाडीकडं गेला होता. मागच्यानं आवाज दिला, "उचला लवकर, नंबर हाये."

दैवशाला वाकली आणि तशीच थांबली. कोपरापर्यंतचे काळे हात. कापसाला ते लावता येत नव्हते. पदरही काळा होता. ती तशी अर्धी वाकून उभी, आणि माणसं बघत होती. कुणीतरी हसलं.

सत्यशीला ताडपत्रीवर गेली. खाली बसली. सोललेल्या बोटांनी तिनं पहिली ओंजळ उचलली, पण गाठोड्यात टाकली नाही. उठून काकासाहेबाच्या वहीवर ठेवली.

"बघा," ती म्हणाली.

काकासाहेबानं वर पाहिलं.

"उलटी करून बघा. मव्ह्या हातानं उचललीये."

त्यानं ओंजळ उलटली. काटा थांबला होता, मागचा नंबरवालाही पुढं वाकून बघत होता. कापूस पांढरा होता. काकासाहेबानं तो तिच्याकडं परत सरकवला. सत्यशीला पुन्हा ताडपत्रीवर बसली. भिवा पुढं होऊन तिच्यासमोर बसला आणि दोघं ओंजळीनं कापूस फडक्यात भरू लागले. त्यानं एकदा तिच्या सोललेल्या पेरावर बोट ठेवलं. तिनं हात काढून घेतला आणि भरत राहिली.

शेवटचा पुंजका उचलून झाल्यावर तिनं गाठ मारली, दातांनी आवळली. दैवशालाकडं तिनं पाहिलं नाही. पुंजाराम काट्याच्या खांबाला धरून उभा होता. दैवशाला दोन्ही हात अंगापासून लांब धरून गर्दीच्या मध्ये उभी राहिली, आणि येणारे-जाणारे तिला चुकवून, आपले कपडे सावरत, बाजूनं जात होते.